आचारी आणि आचार्य

संकेतस्थळे बांधून देणे हा आमचा चरितार्थ. धंदा स्वतंत्र, साहेब कोणी नाही, त्यामुळे खापर फोडायला दुसऱ्याचे डोकेही नाही. गेल्या काही महिन्यांत तीन कामे हाती होती. एका दंतवैद्यांना पहिल्याच पानावर हसरे दात हवे होते, ते दिले. एका मंगल कार्यालयाच्या मालकांना पान उघडताच सनई वाजायला हवी होती. न विचारता वाजणारा आवाज हल्लीचे ब्राउझर बहुधा दाबून टाकतात, हे पटवण्यात आठवडा गेला. तिसरे काम मात्र निराळे होते.

ते होते एका बंद पडलेल्या दिवाळी अंकाचे. ऐंशीच्या घरातले त्याचे संपादक कापडी पिशवीतून जुन्या अंकांचा गठ्ठा आणि काही सीडी घेऊन आले. "माझ्यामागे हे रद्दीत जाऊ नये, एवढंच," म्हणाले.

सीडी उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल. छपाईसाठीच्या तेव्हाच्या फाँटांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो फाँट नसेल, तर मराठीही नाही! युनिकोडमध्ये देवनागरीला 1991पासून स्वतःची जागा आहे, पण छापखाने पुढे कित्येक वर्षे जुन्याच वाटेने चालले. शिवाय त्या फाँटांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली. 'किती' लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये नेमके उलट. रफार तिकडे अक्षराच्या मागून येतो, इकडे पुढून. हे सारे उलटवणारा एक छोटा प्रोग्राम आम्ही लिहिला आणि स्वतःवरच खूश झालो.

संपादकांनी पहिलीच कथा वाचली आणि चष्मा काढला. मूळ कथेत लग्न आटोपल्यावर यजमान आचाऱ्यास पैसे देतो. आमच्या पडद्यावर तो आचार्यास देत होता. डोक्यावरचा रफार आणि पोटातला आडवा र आमच्या प्रोग्रामने एकच मानले होते. आडव्या रसाठी 'ऱ'ला हलन्त जोडावा लागतो, हे ठाऊक असूनही आम्ही विसरलो होतो. "स्वयंपाक्याचे गुरुजी केलेत की हो," एवढेच ते म्हणाले.

नियम सुधारला, तरी प्रत्येक पान माणसाने वाचणे भाग होते. तीन आठवडे ते रोज दुपारी येत. छापील अंकावर भिंग धरून चूक सांगत, आम्ही दुरुस्त करीत असू.

एके सकाळी संगणकाने टक्-टक् सुरू केली. हार्ड डिस्कमधली चकती मिनिटाला 7200 फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यापासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगते. ते टोक बिघडले की पुन्हापुन्हा चाचपडते, त्याचा हा आवाज. अशा वेळी यंत्र ताबडतोब बंद करावे, असे आम्ही गिऱ्हाइकांना बजावत असतो. स्वतः मात्र आशेपोटी ते सात-आठ वेळा चालू केले आणि उरलीसुरली शक्यताही बहुधा घालवली. प्रत होती, पण तीन आठवड्यांपूर्वीची. तीत आचार्यांना अजून पैसे मिळत होते.

दुपारी संपादक आले. काय झाले ते सांगताना आमची मान वर होईना. पैसे परत करायची तयारी दाखवली. पण त्यांच्या दुपारी कशा परत करणार? त्या वयात दुपारी मोजक्याच असतात.

त्यांनी शांतपणे पिशवीतून दोनशे पानी वही काढली. आम्हांला सांगितलेली प्रत्येक दुरुस्ती घरी जाऊन त्यांनी पेन्सिलीने उतरवली होती: अंक, पान, ओळ, चूक, शुद्ध रूप.

"खिळ्यांच्या जमान्यातली सवय," ते म्हणाले. "छापून झालं की खिळे सुटून आपापल्या खणात परत जायचे. मजकूर जागेवर राहायचाच नाही. मग नोंद आपल्यापाशीच हवी."

इतकी वर्षे आम्ही लोकांना प्रती ठेवण्याचा उपदेश करीत आलो, त्याचे पैसेही घेत आलो. ज्यांना संगणक सुरू करता येत नाही, त्यांनी ते काम न सांगता केले होते. त्यांना चहा दिला, वही घेतली आणि कोपऱ्यावर जाऊन आधी तिच्या दोन झेरॉक्स काढल्या. मग कामाला बसलो.