विमानाची खुर्ची

बसायच्या वस्तूंच्या बाबतीत मी जन्मजात कमनशिबी. शाळेत बाक मिळाला, पण त्यावर बहुधा उभाच राहिलो. कचेरीत खुर्ची मिळाली ती तीन पायांची. चौथ्या पायाच्या जागी जुन्या फायली. आणि सासरी, म्हणजे लातूरला गेलं की ओसरीवरचं ते बाकडं! त्याच्याविषयी पुढं बोलणार आहेच.

तर परवा पुण्याच्या भाच्यानं मोबाइलवर फोटो पाठवले. मोडीत काढलेल्या विमानाच्या पंखाचं टेबल, इंजिनाच्या आवरणाची आरामखुर्ची! खाली किंमत. ती वाचून मी आधी चष्मा पुसला आणि मग शून्यं पुन्हा मोजली. तेवढीच भरली.

"त्यात बसून तुम्ही जाणार कुठं?" हिनं विचारलं.

बायकोला उत्तर द्यायचं तर अभ्यास लागतो. मी केला. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इंग्लंडात लाकडाचा दुष्काळ आणि मोडक्या विमानांचा सुकाळ. तेव्हा अर्नेस्ट रेस नावाच्या गृहस्थानं विमानांच्या भंगारातलं अॅल्युमिनियम वितळवून १९४५ साली खुर्ची ओतली. १९४६ साली लंडनच्या प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली आणि पुढं अशा अडीच लाखांवर खुर्च्या तयार झाल्या. गंमत म्हणजे त्याआधी, १९४० साली, तिथल्या सरकारनं विमानं बांधायची म्हणून बायकांकडून घरातली अॅल्युमिनियमची भांडी मागून घेतली होती.

"म्हणजे मोडीत पातेलं देऊन खुर्ची घेतली, एवढंच ना?" ही म्हणाली. "मधे विमान कशाला घातलं?"

आमच्या भागात अॅल्युमिनियमच्या भांड्याला सरळ 'जर्मन' म्हणतात. जर्मनांशी लढायला इंग्रजांनी आपापल्या घरातलं जर्मन बाहेर काढलं, हा माझा विनोद मात्र वाया गेला. ही दूध बघायला आत गेली होती.

आपल्याकडंही असलं काही झालेलं आहे. 'विक्रांत' युद्धनौका २०१४ साली भंगारात निघाली आणि तिचं थोडं लोखंड पोटात घेऊन २०१६ साली बजाजची मोटारसायकल रस्त्यावर आली. मग नांदेडात विमानाची खुर्ची का मिळू नये? २०१७ साली 'उडान' योजनेत आमच्या गावातून हैदराबादला विमान गेलं होतं. एखादा पत्रा तरी मागं राहिला असेल! मी इतवाऱ्यात एका भंगारवाल्याकडं गेलो. त्यानं मला नीट न्याहाळलं.

"इमान का माल तो नै है साब," तो म्हणाला. "एस्टी का सीट है. बैठ के देखो, खिडकीवाला है."

खिडकी नसलेल्या त्या खिडकीच्या सीटवर मी बसून पाहिलं आणि विमानाचा नाद सोडला. पण खुर्चीचा सुटला नाही. सासऱ्यांना पंचाऐंशी पूर्ण झाली आहेत. त्यांना एक ऐसपैस आरामखुर्ची घ्यावी आणि ते बाकडं मोडीत काढावं, असा पोटातला डाव घेऊन मी लातूर गाठलं. त्या बाकड्याशी माझं जुनं वैर. बरोबर मधोमध एक भोक आहे, कडा खरखरीत. दर दिवाळीला जावयाची पँट तिथं अडकायचीच.

बाकड्यावर बसूनच मी मामांना इंग्लंड, पातेली, विमानं, सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जावईबापू, ज्यांनी त्या खुर्च्या घेतल्या त्यांना ठावं होतं का, विमान कोणाचं होतं? चालवणारा घरी आला का न्हाई?"

मी म्हटलं, "वितळवल्यावर कसं कळणार?"

"हां," म्हणाले. "म्हणून मी ह्याला रंधा लई मारू दिला न्हाई."

बाकडं गावाकडच्या वाड्याच्या तुळईचं आहे, हे मला ठाऊक होतं. किल्लारीजवळचं गाव ते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाची जड माती. भूकंपात हजारो माणसं झोपेतच गेली. मामांकडची मंडळी अंगणात निजली होती. आजी मात्र आत होत्या.

"चौथ्या दिवशी ढिगारा उपसला. धड असं काय निघालं, तर ही तुळई. सुतार म्हणला, भोक बुजवून देतो. म्हणलं, राहू दे. तिथं पाळण्याची कडी होती. तुमच्या मालकिणीला माझ्या आईनं तिथंच जोजवलं."

मी हळूच थोडा बाजूला सरकून बसलो. तरी उठताना व्हायचं ते झालंच.

आरामखुर्चीचा विषय मी काढला नाही. नांदेडला परतल्यावर ही पँट बघून सुई-दोरा घेऊन बसली.

"कडीपाशीच बसला होता ना?"

"हो."

एवढ्याशा फाटलेल्या पँटला तिनं त्या दिवशी फार वेळ लावला.