छावणीच्या बाजारात थंड कान

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, सोडून वेरूळच्या वाटेला लागलात की खाम नदी ओलांडताच छावणी येते. शहराची दाटी मागे पडते आणि मोठी झाडे, सरळ रस्ते, लष्कराच्या लांबलचक भिंती सुरू होतात. 1857 च्या जून महिन्यात हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात बंडाची ठिणगी पडली, ती या छावणीत. पण आपल्या शेतकरी मंडळींना छावणी ठाऊक आहे ती गुरुवारच्या जनावरांच्या बाजारासाठी.

मार्गशीर्षातल्या अशाच एका गुरुवारी खुलताबादकडच्या बापूंना गाय घ्यायची होती. माझ्या जुन्या डिझेल जीपमधून आम्ही पहाटेच निघालो. दौलताबादचा घाट उतरताना बापू म्हणाले, "साहेब, चढाला थोडा वर आलेला हा काटा पार तळाला कसा बसला?"

मी मोठ्या ऐटीत सांगितले, "बापू, आपले इंजिन बर्फासारखे थंड चालते!"

ते काही बोलले नाहीत.

बाजारात धुके, धूळ आणि चुलीचा धूर एकत्र झाला होता. एक व्यालेली गाय बापूंच्या मनात भरली. कास चांगली, भाव बेताचा. पण त्यांनी तिच्या कानाच्या मुळाशी हात लावला आणि मागे सरकले. कान गार होते, गाय मान वळवून मलूल बसली होती. तुम्हांला माहीतच आहे, विताच रक्तातला कॅल्शियम कमी झाला की दुग्धज्वर होतो. नावात ज्वर असला तरी अंग गार पडते. निरोगी गाईचे तापमान साधारण 101.5 अंश फॅरनहाइट असते. गार जनावर म्हणजे निरोगी जनावर, असे कोणी समजत नाही. मालकाला डॉक्टर बोलवायला सांगून आम्ही पुढे गेलो.

तीन-चार तासांनी परतलो तर जीप काळा धूर ओकत, कुरकुरत सुरू झाली. जवळच एका म्हाताऱ्या मिस्त्रींचे दुकान होते. त्यांना सगळे 'चाचा' म्हणतात. मी म्हटले, "चाचा, ॲव्हरेज फार पडलंय. पंप बघा."

चाचांनी पंपाकडे पाहिलेही नाही. इंजिनकडून रेडिएटरच्या वरच्या टाकीकडे जाणारा जाड रबरी पाइप त्यांनी पंख्यापासून हात सांभाळून धरला आणि बापूंनाही धरायला लावला. इंजिन सुरू होऊन दोन-तीन मिनिटेच झाली होती, तरी पाइप हळूहळू कोमट होत होता. "साहेब, वॉल ठीक असता तर हा पाइप बराच वेळ गार राहिला असता, आणि मग एकदम तापला असता," चाचा म्हणाले. "आत वॉल आहे का?"

मी खाली पाहिले. दोन उन्हाळ्यांपूर्वी एका गॅरेजात 'आपल्या गरम मुलखात याची गरज नाही' म्हणून तो काढून टाकला होता. मलाही ते पटले होते.

हा वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेण असते. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. पाणी 80-82 अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की मेण फुगून झडप उघडते. झडप नसली किंवा उघडीच अडकली, तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते आणि इंजिन तापतच नाही. उतारावर तर डिझेल जवळजवळ जळतच नाही, म्हणून काटा तळाला जातो. बापूंनी घाटात नेमके हेच पाहिले होते. आणखी एक गंमत सांगतो. काही इंजिनांत वॉल काढला की पाणी रेडिएटर टाळून आडवाटेनेच फिरत राहते, आणि ऐन उन्हाळ्यात इंजिन उलट जास्त तापते.

चाचांनी मग ऑइलची पट्टी काढून माझ्या नाकाशी धरली. डिझेलचा वास! गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही. न जळलेले रिंगांवरून खाली उतरते, ऑइल पातळ करते, आणि लायनर-पिस्टन घासतात. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर होता, तो वाफेच्या पाण्याचा. (असा थर दिसून रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्या.) आणि काटा खोटेही बोलतो बरे! काटा खाली पण वरचा पाइप हात ठेववत नाही इतका गरम असेल, तर दोष मीटरचा किंवा सेन्सरचा. नव्या गाड्यांत असा बिघाड झाला की बहुधा इंजिनचा दिवाच लागतो.

नवा वॉल आणला, तो चाचांनी शेजारच्या चहावाल्याच्या पातेल्यात दोरीला टांगून सोडला. गार पाण्यात घट्ट मिटलेला, पाणी उकळायच्या आधीच त्याने तोंड उघडले. बाहेर काढताच पुन्हा मिटू लागला. थर्मामीटर नसला तरी ही परीक्षा घरच्या चुलीवर होते. फक्त गरम इंजिनच्या रेडिएटरचे झाकण कधी उघडू नका. उकळते पाणी तोंडावर येते.

वॉल बसवला, ऑइल बदलले. परतताना घाट चढलो तरी काटा मधोमध. मुद्दाम गाडी वळवून थोडा उतार उतरून पाहिला. काटा जागचा हलला नाही. बापू खुशीत असतील असे मला वाटले. पण ते गप्प होते. शेवटी म्हणाले, "साहेब, माझ्या ट्रॅक्टरचा वॉल तुमच्याच सांगण्यावरून काढलाय की."

खरे होते. शिवार भेटीला गेलो असताना मीच त्यांना तसे सांगितले होते, आणि त्यांच्याबरोबर आणखी चार-पाच जणांना. दोन हंगाम तो ट्रॅक्टर गारच राबला होता.

दुसऱ्या दिवशी वॉल माझ्या पैशाने घेऊन गेलो. बापूंनी पट्टी काढून हुंगली आणि न बोलता माझ्यापुढे धरली. त्या चार-पाच घरांपैकी तीन झाली आहेत. उरलेल्यांकडे येत्या आठवड्यात जायचे आहे.