यवतेश्वरचा घाट आणि घरचा व्हरांडा

वाचकहो, साताऱ्यातील समर्थ मंदिराच्या परिसरातून पश्चिमेकडे निघालेला रस्ता थोड्याच वेळात यवतेश्वरचा घाट चढू लागतो. कासची फुले पाहायला जाताना आपल्यापैकी अनेकांनी तो गाडीच्या खिडकीतून पाहिला असेल. आज मी आपल्याला तो पायी दाखवणार आहे. तीस वर्षे दवाखाना चालवूनही मला जी गोष्ट नीट उमगली नव्हती, ती या घाटाने शिकवली.

पहाटे घाट चढू लागलो की शहराचे दिवे हळूहळू खाली जातात आणि त्यांच्या पाठीशी अजिंक्यताऱ्याची काळी रेघ उभी राहते. वळणांमागून वळणे घेत रस्ता यवतेश्वरला पोचतो. तेथे जुने शिवमंदिर आहे. त्यापुढे रस्ता डोंगराच्या कण्यावरून जातो. उजव्या हाताला खोल दरीत कण्हेरचा जलाशय, डाव्या हाताला उरमोडीचा, आणि त्याच बाजूला दूरवर सज्जनगड. भाद्रपदात धुके असले की यातले काहीही दिसत नाही. ऐकू येतो तो केवळ आपला श्वास.

याच रस्त्यावर 2012 पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन भरते. एकूण अंतर 21 किलोमीटर. साधारण निम्मे अंतर जायचे, बहुतांश चढाचे, आणि मग त्याच वाटेने उतरून शहरात परतायचे. कासचे पठार येण्यापूर्वीच शर्यत मागे वळते. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर 2019 साली झालेल्या आयर्नमॅन 70.3 ट्रायथलॉनमध्ये 1.9 किलोमीटर समुद्रात पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि शेवटी 21.1 किलोमीटर धावणे होते. अंतरे वेगळी असली, तरी अशा सर्व शर्यतींच्या तयारीचे शास्त्र एकच आहे. आणि ते शास्त्र सत्तरीच्या वाचकाला, तसेच त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही, तितकेच उपयोगी आहे.

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी या शर्यतीसाठी नाव नोंदवले. त्या वर्षी घरी वडिलांना, म्हणजे नानांना, पक्षाघाताचा झटका येऊन आठ महिने झाले होते. त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. रात्री दोन-तीनदा त्यांना कुशीवर वळवावे लागे. दिवसभर दवाखाना, रात्री हे जागरण आणि पहाटे घाट, असा माझा क्रम सुरू झाला. झोप जेमतेम साडेचार तास होई. ज्या पहाटे मी घाटात असे, त्या पहाटे नानांचे सगळे माझी पत्नी एकटी करत असे. हे मला तेव्हा दिसत नव्हते असे नाही. मी त्याकडे पाहत नव्हतो.

सरावाच्या नवव्या आठवड्यात, घाटातल्या एका वळणावर, छातीवर कोणी तळहात दाबून धरावा तसे जड वाटले. मी चालू लागलो, तेव्हा ते थोडे ओसरले. आपण डॉक्टर आहोत, आपल्याला कळते, असे म्हणून मी पुन्हा धावू लागलो. शंभर पावलांत तो तळहात पुन्हा आला. या वेळी मी कठड्यावर बसलो. दवाखान्यात कोणी असे सांगितले असते तर मी त्याला तत्काळ इस्पितळात पाठवले असते, आणि अंगावर का काढले म्हणून चार शब्दही सुनावले असते. एका ओळखीच्या दूधवाल्याने मला गाडीवरून खाली आणले.

तपासण्या झाल्या. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत मोठा अडथळा निघाला नाही, हे माझे नशीब. मात्र रक्तदाब 168 वर 102 होता. तो कधीपासून वाढला होता हे सांगता येईना, कारण रोज तीस-चाळीस जणांचा रक्तदाब मोजणाऱ्या मी स्वतःचा वर्षभर मोजलाच नव्हता. हृदयरोगतज्ज्ञांनी गोळी सुरू केली आणि त्या वर्षीची शर्यत बंद केली. घरी आल्यावर पत्नी एवढेच म्हणाली, "तुम्हाला काही झालं असतं, तर दोघांना मी एकटीनं कसं उचललं असतं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग मी शर्यतीच्या तयारीचे शास्त्र नव्याने वाचायला घेतले. त्याचा गाभा साधा आहे. व्यायामाने शरीर त्या क्षणी बळकट होत नाही. ते थकते, स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. बळ येते ते नंतर, विश्रांतीत, झोपेत, जेवणात, त्या इजेची डागडुजी होताना. म्हणून जाणते प्रशिक्षक आठवड्यात एखादाच मोठा पल्ला देतात, बाकीचे दिवस हलके ठेवतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम सौम्य ठेवतात. शर्यतीपूर्वीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सराव वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. वयानुसार ही डागडुजी सावकाश होते. पंचविशीत एका रात्रीत जे भरून निघते, त्याला पन्नाशीनंतर दोन-तीन दिवस लागू शकतात. मी सराव केला होता. सावरण्याला मात्र जागाच ठेवली नव्हती.

दुसऱ्या वर्षी मी हे सारे लेखी मांडले. आठवड्यातून तीनच दिवस रस्ता, दोन दिवस घरी स्नायूंचे व्यायाम, दोन दिवस पूर्ण विसावा. रात्रीच्या पाळ्या पत्नीने व मी वाटून घेतल्या आणि आठवड्यातून तीन रात्री एक मदतनीस ठेवला. ज्या रात्री माझी पाळी, त्याच्या दुसऱ्या दिवशी घाट नाही. चढावर वेग ठरवण्यासाठी मी बोलण्याची कसोटी लावली: चालताना वा धावताना सलग एक वाक्य बोलता आले पाहिजे. धाप लागून शब्द तुटू लागले की वेग कमी. ही कसोटी आपणही बागेत फिरताना वापरू शकता. आपण रक्तदाबासाठी वा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी घेत असाल, तर नाडीच्या ठोक्यांवर विसंबू नका. त्या गोळीमुळे ठोके एरवीइतके वाढत नाहीत आणि श्रम कमी झाल्याचा भास होतो.

घाट संपून पठार लागले की मी दोन मिनिटे चालत असे. तेथे मला अनेकदा जपानच्या हिरोमु इनादा यांची आठवण येई. 1932 सालचा त्यांचा जन्म. साठीच्या सुमारास आजारी पत्नीची शुश्रूषा करण्यासाठी त्यांनी वार्ताहराची नोकरी सोडली आणि त्याच काळात ते घराजवळच्या तरणतलावात पोहू लागले. सत्तरीत त्यांनी ट्रायथलॉनला सुरुवात केली. हवाईतील कोना येथील आयर्नमॅन जागतिक स्पर्धेत 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि 42.2 किलोमीटर धावणे असते. 2015 साली तेथे त्यांची वेळ अवघ्या काही सेकंदांनी हुकली. 2018 साली, वयाच्या 85 व्या वर्षी, त्यांनी ती स्पर्धा वेळेत पूर्ण केली. त्यांच्या वयापेक्षा मला मोलाची वाटते ती सुरुवात. शुश्रूषा करणाऱ्या माणसाने दिवसातला एक तास स्वतःच्या शरीरासाठी राखला. तो स्वार्थ नव्हता. त्या तासावर उरलेले तेवीस उभे राहतात.

आता उतार. चढ संपला म्हणजे अवघड संपले, असे नवख्याला वाटते. पण उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जाता जाता शरीराचा भार अडवून धरावा लागतो, आणि याच श्रमाने स्नायू सर्वाधिक दुखावतात. वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवते ती यामुळेच. आपल्या घरातील जिन्याचेही असेच आहे. दम लागतो तो चढताना, पण तोल जाण्याचे भय उतरताना अधिक. म्हणून वृद्धांनी जिना उतरताना कठडा धरावा आणि मांडीचे स्नायू जपावेत. त्यासाठी सर्वांत सोपा व्यायाम म्हणजे मागे भिंत असलेल्या भक्कम खुर्चीवरून, शक्य तर हाताचा आधार न घेता, उठणे आणि सावकाश बसणे. बसताना घाई करू नये. ते सावकाश बसणे म्हणजेच उताराचा सराव.

आता या वयात काय ताकद येणार, असे आपण म्हणाल. 1990 साली अमेरिकेतील बोस्टन येथे एका वृद्धसेवा संस्थेतील, सरासरी नव्वद वर्षे वयाच्या मोजक्या रहिवाशांकडून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेण्यात आले. त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. स्नायूला आपले वय कळते, पण तो शिकणे सोडत नाही.

पाण्याविषयीही सांगायला हवे. शर्यतीत वाटेवर ठिकठिकाणी पाणी मिळते आणि भीतीपोटी काही जण प्रत्येक ठिकाणी पेलाभर पितात. घामावाटे गेले त्याहून अधिक पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ आणि क्वचित जिवावर बेतण्यापर्यंत मजल जाते. वयस्कर व्यक्तींमध्ये, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये, सोडियम घटण्याचा धोका घरबसल्याही असतो. म्हणून हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी रोज किती पाणी प्यावे, हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. धावणाऱ्याने मात्र तहानेला विचारावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. श्रम करताना छातीत जडपणा, जबडा, खांदा वा हाताकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाले तर तेथेच थांबा आणि मदत मागा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही केवळ थकवा, मळमळ वा धाप हीच खूण असू शकते. चाळिशीनंतर नवा, जोमाचा व्यायाम सुरू करण्यापूर्वी तपासणी करून घ्या. आणि जे घरच्या रुग्णाचा रक्तदाब मोजतात, त्यांनी तोच पट्टा महिन्यातून एकदा आपल्याही दंडाला बांधावा.

शर्यतीच्या आदल्या रात्री नानांनी मला जवळ बोलावले. झटक्यानंतर त्यांचे बोलणे तुटक झाले होते. "कुठपर्यंत जाणार?" त्यांनी विचारले. मी सांगितले, यवतेश्वरच्या पुढे आणि परत. "परत घरीच ना?" मी हो म्हणालो. "मग दमानं ये," ते म्हणाले.

मी दमानेच आलो. चढ बहुतेक चाललो, पठारावर धावलो, उतारावर पावले आखूड टाकली. माझ्यापुढे शेकडो लोक पोचले होते. गळ्यात पदक घालून घरी आलो तेव्हा नाना पलंगावर नव्हते. डाव्या हातात चौपायी काठी, उजव्या बाजूला मदतनीस आणि मागे पत्नी, असे ते व्हरांड्याच्या उंबरठ्याशी उभे होते. पलंगापासून तेथवर सतरा पावले होतात. फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून ते गेले पाच महिने रोज थोडा सराव करीत होते. आधी पलंगाच्या कडेवर बसणे, मग उभे राहणे, मग दोन पावले. रविवारी पूर्ण विसावा.

वाचकहो, पदक मी खिळ्याला अडकवले आणि आधी त्यांच्यासाठी खुर्ची आणली. त्या खुर्चीवर ते सावकाश, अगदी सावकाश बसले. मग पत्नीला मी सांगितले की आता तू झोप. दुपारपर्यंतची पाळी माझी.