राणीची जात

मुंग्यांतली राणी ओळखायला विद्वत्ता लागत नाही. पाऊस सुरू झाला की पंखांच्या मुंग्या वारुळाबाहेर उडतात. मीलन झाले की नर मरतात. राणी पंख टाकून देते आणि बिळासाठी जागा शोधत फिरते. उड्डाणाच्या स्नायूंनी फुगलेली पाठ, बाजूंना तुटलेल्या पंखांचे वण, कपाळावर तीन बारीक नेत्रबिंदू. झाली राणी! पण कोणत्या जातीची? इथे घोडे अडते.

माझ्याकडची राणी काळी, चांगली ठसठशीत. मी पडलो कला शाखेचा, तेव्हा भिंग प्राणिशास्त्राच्या सरांकडून उसने आणले. कमरेला गाठ एकच. (घरातल्या चावऱ्या लाल मुंगीला दोन असतात.) नांगी नाही, पोटाच्या टोकाला आम्ल फवारण्याचे गोल छिद्र, भोवती केसांची झालर. शृंगिका ओठावरच्या पट्टीपासून दूर उगवलेल्या. म्हणजे प्रजाती 'कॅम्पोनोटस', आपल्या मुंगळ्याची. काळ्या मुंगळ्याला फॅब्रिशियसने १७८७ साली 'कॉम्प्रेसस' हे नाव दिले. तीच ही, असे म्हणून मोकळे व्हावे, तर या एका प्रजातीत जगभर हजारावर जाती!

ओळखीचे तक्ते बहुतेक कामकरी मुंग्यांवरून रचलेले असतात. त्या हव्या तेव्हा, हव्या तितक्या सापडतात; राणी क्वचित हाती लागते, आणि तिची पाठ कामकरणीशी जुळत नाही. तेव्हा आईची जात मुलींवरून ठरवायची. मला यात नवल वाटले नाही. आमच्या गावात माझ्या आईला तिच्या नावाने कोणी हाक मारत नाही. माझ्या नावापुढे 'आय' जोडतात, एवढेच. तिचे नाव मला शाळेच्या दाखल्यासाठी विचारावे लागले होते.

सर म्हणतात, "स्पिरिटमध्ये घाल, तज्ज्ञाकडे पाठवू." मला ते पटत नाही. ती सध्या काही खात नाही. पंखांचे निरुपयोगी स्नायू अंगातच जिरवून त्यावर पहिल्या अळ्या पोसते. त्यांतून निघणाऱ्या मुलीही बुटक्या असणार. मोठ्या डोक्याच्या, जात सांगणाऱ्या मुली बऱ्याच नंतरच्या. एवढे थांबायचे, तेही एका नावासाठी, हे सरांना वेडेपणाचे वाटते.

काल चार अंडी दिसली. सरांनी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर स्पिरिट त्यांच्या कपाटात, आणि राणी माझ्या खाटेखाली.