पॅनलची किरकिर

परवा पुण्याहून माईचा फोन. "दादा, ब्लॉगवर महिनाभर काहीच नाही, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. महिनाभर मी बॅटरीत अडकलो होतो. बी.ए.ला मराठी घेतलेल्या आणि उभा जन्म व्याकरण शिकवलेल्या माणसाने बॅटरीवर लिहावं हे जरा विचित्रच; पण लिहायला हवं, कारण चूक माझी होती.

बदलापूरची आमची इमारत सात मजली. तळमजल्याच्या लॉबीत फायर अलार्मचं पॅनल आहे, ते नेमकं आमच्या दारासमोर. मीटर रूममध्ये आणि जिन्यात धूर ओळखणारे डिटेक्टर, मजल्यामजल्यावर हूटर. गेल्या वर्षी हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात हे पॅनल किरकिरायला लागलं. थोड्या थोड्या वेळाने बारीक 'टीं', आणि एक पिवळा दिवा. हिला झोप लागेना. वॉचमनने बटण दाखवलं, मी दाबलं. आवाज बंद झाला, दिवा राहिला. पुढे तो दिवाही मला दिसेनासा झाला. वर्गात एखादा मुलगा हात वर करून बसलेला असतो आणि आपण त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवतो, तसं.

सोसायटीचा सेक्रेटरी मीच. 2006 च्या कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत लायसन्स असलेल्या एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म 'बी' द्यावा लागतो. तो दिलेला होता, फाइलला लावलेला होता. तपासायला आलेल्या माणसाने पिवळ्या दिव्याचं नाव काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग श्रावणातली ती संध्याकाळ. पाऊस होता, मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट झालं आणि इमारतीची वीज गेली. वीज गेली म्हटल्यावर सगळ्यांनी मेणबत्त्या शोधल्या, नेहमीप्रमाणे. मीसुद्धा. खाली धूर कोंडत होता आणि पॅनल मुकं होतं. क्लासहून परत येणाऱ्या एका मुलीला वास आला, तिने आरडाओरडा केला. वॉचमनने सिलिंडर फवारला. कुणाला इजा झाली नाही. पण धूर जिन्याने चौथ्या मजल्यापर्यंत चढला होता, आणि तिथे आमच्या ऐंशीच्या पुढच्या एक आजी एकट्या राहतात. त्यांना खाली आणेपर्यंतचा वेळ मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी अंबरनाथहून एक तरुण टेक्निशियन आला. ज्या गावाने एके काळी विम्कोच्या काड्यापेट्या देशभर पाठवल्या, त्या गावचा मुलगा आमच्याकडे आगीची घंटा दुरुस्त करायला यावा, याची मला गंमत वाटली. त्याने पॅनल उघडलं. आत बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकमेकींना जोडून चोवीस केलेल्या. दोघींची पोटं फुगलेली. मल्टिमीटर मात्र 25 दाखवत होता. मी म्हटलं, "बरा आकडा आहे की!" तो म्हणाला, "सर, हूटर लावून बघा." लावला, तर आकडा धाडकन सतरावर. पॅनलच्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं. उष्णतेने या बॅटऱ्यांचं आयुष्य फार लवकर संपतं, दर दहा अंशांना साधारण निम्मं, असं त्याने सांगितलं. आमच्या तर सहा वर्षांच्या होत्या.

सभेत अर्थातच वाद झाला. एक म्हणाले, जनरेटर आहे ना? आहे, पण तो हाताने सुरू करावा लागतो आणि त्याची वायर त्याच मीटर रूममधून जाते. दुसरे आपल्या इन्व्हर्टरची जुनी मोठी बॅटरी फुकट द्यायला निघाले. एवढी बॅटरी चार्ज करण्याची ताकद पॅनलच्या चार्जरमध्ये नसते, आणि ॲसिडची बॅटरी लॉबीत ठेवायची तरी कुठे! तिसऱ्यांचा प्रश्न मात्र रास्त होता : चोवीस तास कशाला? मी 26 जुलै 2005 ची आठवण करून दिली. त्या पुरानंतर आपल्याकडे कित्येक वस्त्या दिवसचे दिवस अंधारात होत्या.

हिशेब मला त्या मुलाने शाळकरी पोराला शिकवावं तसा शिकवला. पॅनल स्वस्थ असताना 0.15 अँपिअर खातं. चोवीस तासांचे 3.6. हूटर वाजताना सगळे मिळून 1.2, अर्ध्या तासाचे 0.6. बेरीज 4.2. बॅटरी म्हातारी होणार म्हणून वर पाव हिस्सा, म्हणजे सव्वापाच. बाजारात मिळते सातची. संपला हिशेब. (जाणकारांनी चूक असल्यास दाखवावी.)

खरेदीला उल्हासनगरला गेलो. तिथल्या मालावरचे विनोद आपण सगळ्यांनीच केलेले आहेत, मीही केले आहेत. मी स्वस्तातली जोडी उचलली, तर दुकानदारानेच हात धरला. "मास्टरजी, ये मत लो. आठ महिने से पडी है." नुसती पडून राहिलेली बॅटरी आतून खराब होते म्हणे. त्याने एकाच कंपनीची, एकाच महिन्याची जोडी काढून दिली आणि जुन्या दोन्ही परत घेतल्या. एक जुनी आणि एक नवी कधी जोडायची नाही, नाहीतर जुनी नवीलाही घेऊन बुडते, हेही बजावलं.

बसवायला वीस मिनिटं लागली. लाल-काळ्या वायरींचे फोटो आधी मोबाइलवर काढून ठेवले होते. मार्करने बॅटरीवर तारीख घातली, माझ्या अक्षरात. दोन दिवस चार्ज होऊ दिल्यावर शनिवारी सकाळी सातला पॅनलची मेन बंद केली. रात्री दोनदा उठून बघितलं, ही हसली. रविवारी सातला नोटीस लावून, पूर्ण अर्धा तास हूटर वाजवला. शिव्या खाल्ल्या. तो वाजत असताना मी चौथ्या मजल्यावर गेलो. आजींचं दार बंद होतं. बेल दाबली, दार ठोकलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. कानातलं मशीन टेबलावर होतं. "मास्तर, एवढ्या सकाळी? काही झालं का?" हूटर त्यांच्या डोक्यावरच बोंबलत होता.

आता त्यांच्या घराची एक किल्ली शेजारच्यांकडे आहे आणि एक आमच्या दाराच्या खिळ्याला. हूटरसोबत चमकणारा दिवा मिळतो म्हणे. तो त्यांच्या हॉलमध्ये लावायचा विषय पुढच्या सभेत आहे.