‘मुलींना झेपायचं नाही!’

मैत्रिणींनो, ‘मुलींना झेपायचं नाही’ हे वाक्य तुम्ही आजवर किती वेळा ऐकलंत? मी तर मोजायचंच सोडून दिलंय. गंमत अशी की, हे बोलणारं माणूस बहुधा वाईट नसतं. काळजीपोटीच बोलतं बिचारं. पण “कुणी करून पाहिलं होतं का?” असं विचारलं, की मात्र विषय बदलतो.

आज तुम्हांला एका खेळाविषयी सांगायचं आहे. खेळाचं नाव कनू स्लॅलम. नाव अवघड आहे, पण खेळ समजायला अगदी सोपा. खळाळत्या, फेसाळत्या पाण्यात एकट्यानं छोटी होडी हाकायची. पाण्यावर आडव्या ताणलेल्या तारांवरून दांड्यांच्या जोड्या लोंबत असतात. एकेका जोडीचं एक फाटक, अशी अठरा ते पंचवीस फाटकं. हिरव्या फाटकातून प्रवाहाबरोबर जायचं आणि लाल फाटकातून प्रवाहाच्या उलट, वर चढायचं! दांड्याला होडी, वल्हं किंवा नुसता खांदा जरी लागला, तरी वेळेत दोन सेकंद वाढतात. फाटक चुकलं तर पन्नास. सगळा खेळ दीड-पावणेदोन मिनिटांचा. पाण्याशी भांडणारी इथे दमते. खडकामागे पाणी जिथे उलटं वळतं, तिथे नेमकं शिरून त्याच पाण्याच्या जोरावर जी होडी वळवते, ती जिंकते. संसाराशी फारच साम्य वाटतं, नाही का?

यात होड्या दोन तऱ्हेच्या. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं वापरायचं. कनूमध्ये गुडघे टेकून बसायचं आणि वल्ह्याला पातं एकच. ही दुसरी होडी जास्त अवघड. आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते.

१९७२ साली म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. पुरुषांसाठी तीन शर्यती होत्या, बायकांसाठी एक, फक्त कयाकची. ती जिंकली पूर्व जर्मनीच्या वीस वर्षांच्या आंगेलिका बाह्मननं. पुढे वीस वर्षं हा खेळ ऑलिंपिकमध्ये नव्हताच. १९९२ मध्ये परत आला, तोही तेच ‘तीनास एक’ माप घेऊन. ते माप थेट २०१६ च्या रिओपर्यंत टिकलं! कनू म्हणजे पुरुषांची, हे जणू ठरूनच गेलं होतं. बायका कमी उतरतात म्हणून शर्यत ठेवायची नाही, आणि शर्यतच नाही म्हणून बायका उतरणार कशा? आपल्याकडच्या कितीतरी गोष्टींसारखंच हेही चक्र.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत बायकांची कनू २०१० पासून आली. ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स तिथे एकटीच्या शर्यतीत चार वेळा जगज्जेती झाली. पण ऑलिंपिकला गेली की कनू घरी ठेवायची आणि कयाक घेऊन उतरायचं! जगातली सर्वांत चांगली पुरणपोळी करणाऱ्या बाईला पंगतीत फक्त वरणभात वाढू द्यावा, तसला हा प्रकार.

टोकियो ऑलिंपिकसाठी अखेर नियम बदलला. पुरुषांना दोन शर्यती, बायकांनाही दोन. करोनामुळे ते ऑलिंपिक एक वर्ष लांबलं आणि २०२१ च्या जुलैत झालं. त्या वर्षीचा हंगाम मी मन लावून पाहिला.

२७ जुलैला आधी कयाकची अंतिम फेरी झाली. पदकं घेतलेल्या तिघींपैकी प्रत्येकीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सुवर्णपदक मिळालं जर्मनीच्या रिकार्डा फुंकला. ती मूळची आर नदीच्या खोऱ्यातली. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी त्याच खोऱ्यात महापूर येऊन शंभराहून अधिक माणसं दगावली होती. गावाकडे पाण्यानं हाहाकार केलेला, आणि ही दूरदेशी पाण्यातच उतरायची होती! रौप्यपदक स्पेनच्या मायालेन चोराउतचं. वय अडतीस, घरी आठ वर्षांची मुलगी. लंडनला २०१२ मध्ये तिला कांस्य मिळालं होतं, २०१३ मध्ये लेक झाली, आणि २०१६ मध्ये रिओला तिनं सुवर्णच जिंकलं. मूल झाल्यावर बाईचं सगळं संपतं म्हणणाऱ्यांना हा क्रम पाठ करायला द्यावा.

तिसरी जेसिका. पाण्यातला तिचा वेळ तिघींत सर्वांत कमी होता. पण वाटेत दोन दांडे लागले आणि चार सेकंद वाढले. रिकार्डाचा वेळ १०५.५० सेकंद, हिचा दंडासकट १०६.७३. एक दांडा जरी कमी लागला असता, तरी सुवर्ण हिचंच होतं. लंडनला रौप्य, रिओला कांस्य आणि इथे पुन्हा कांस्य. एखादी म्हणाली असती, पुरे झालं.

दोनच दिवसांनी, २९ जुलैला, ऑलिंपिकच्या इतिहासात पहिल्यांदा बायकांच्या कनूची अंतिम फेरी झाली. जेसिका गुडघे टेकून बसली, एकच पातं हातात, आणि त्या पाण्यातून अशी उतरली की एकाही दांड्याला स्पर्श नाही! वेळ १०५.०४ सेकंद. दुसरी आलेली ब्रिटनची मॅलरी फ्रँकलिन साडेतीन सेकंदांहून जास्त मागे. ज्या शर्यतीचं दार इतकी वर्षं बंद होतं, तिथेच तिला तिचं पहिलं सुवर्ण मिळालं. तिची प्रशिक्षक तिची आईच, मिरियम फॉक्स-जेरुसाल्मी. या बाईंनी स्वतः १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्ससाठी कयाकमध्ये कांस्यपदक मिळवलं होतं. आईच्या काळात कनूची शर्यत असती, तर? हा विचार माझ्या मनातून काही जाईना.

पुढे २०२४ मध्ये पॅरिसला जेसिकानं कयाक आणि कनू अशी दोन्ही सुवर्णपदकं घेतली. धाकटी बहीण नोएमी हिनं कयाक क्रॉस या नव्या शर्यतीत तिसरं सुवर्ण घरी आणलं. आपणही या खेळाला अगदीच परके नाही बरं का! अहिल्याबाईंच्या महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेत २०२३ च्या फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’च्या या खेळाच्या शर्यती झाल्या आणि त्यात मुलीही उतरल्या.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हांला कशाला? सांगते. मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. शाळेच्या क्रीडामहोत्सवात मुलांसाठी पंधराशे मीटर धावणं आणि मुलींसाठी शंभर मीटर व लिंबू-चमचा, अशी जुनी वहिवाट. करोनानंतर शाळा पुन्हा भरू लागली, तेव्हा शिक्षकांच्या बैठकीत मी मुलींसाठीही पंधराशे मीटरची मागणी केली. उत्तर तेच, “बाई, मुलींना झेपायचं नाही. कुणी चक्कर येऊन पडली तर?” मी म्हटलं, “मुलगा पडला तर जे कराल, तेच करा.” बरीच कुरबूर झाली. शेवटी, नावं आली तर ठेवू, यावर मिटलं.

अकरा नावं आली. सकाळी दव वाळायच्या आत शर्यत झाली. दहाजणी धावत पोचल्या. अकरावीच्या पोटात कळ आली, ती थांबली, थोडी चालली आणि शेवटची अर्धी फेरी पुन्हा पळाली. चक्कर कुणालाच आली नाही. आता ती शर्यत दर वर्षी असते आणि तिच्याविषयी कुणी चकार शब्द काढत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमची लेक, भाची किंवा पुतणी पोहायला, डोंगर चढायला नाहीतर अशी एखादी होडी हाकायला जाते म्हणाली, तर शिकवणारे कोण, अंगात तरंगतं जाकीट आहे का, डोक्यावर शिरस्त्राण आहे का, हे जरूर विचारा. ती चौकशी केलीच पाहिजे. झेपेल की नाही, ते मात्र तिचं तिला पाण्यात उतरून ठरवू द्या.