पहिला धडा
दंतस्वच्छतेच्या शिक्षणात आरंभी मी कृत्रिम दातांवरच हात बसविला. पुढे एके दिवशी आठ वर्षांचा एक मुलगा समोर बसला. माझ्या हातातील अणकुचीदार हत्यार पाहून त्याने ओठ घट्ट मिटले. माझाही हात कापू लागला. बाई हळूच म्हणाल्या, “आधी आरसा त्याच्या हाती दे.” आरशात हिरड्यांलगतचा पिवळा थर दिसताच त्याने आपण होऊन तोंड उघडले.

१९१३ साली अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी या विद्येची शाळा काढली. तिच्या विद्यार्थिनी गावातील शाळांतून मुलांचे दात स्वच्छ करीत आणि ते जपण्यास शिकवीत. या दुसऱ्या कामाचे मोल मला त्या दिवशी उमगले. साचलेला थर मी काढला. तो पुन्हा साचू न देणे मात्र त्या मुलाच्याच हाती होते.